जज्जसाहेबांचा धाकटा भाऊ

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पाच गावं लिहिलेली आहेत: अहमदाबाद, मुंबई, कारवार, सोलापूर, पुणे. निघण्यापूर्वी ही यादी मामांना दाखवली. मामा छत्तीस वर्षं महसूल खात्यात होते. कागद हातात घेतला की त्यांना खातं कळतं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "अगं, ही कसली सहल? ही कुणाची तरी बदल्यांची फाइल दिसते."

होतीच ती. सत्येंद्रनाथ ठाकूर यांची. 1863 साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झालेले ते पहिले भारतीय. कलकत्त्याच्या जोडासाँको वाड्यातल्या या तरुणाला मुंबई इलाखा मिळाला आणि नोकरीची हयात त्यांनी इकडेच काढली. 1897 साली साताऱ्याचे जज्ज असताना ते निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग बंगालीत नेणारे आणि 'बोंबाई चित्र' लिहून बंगाली वाचकाला आपल्या मुलखाची ओळख करून देणारे हे गृहस्थ. पण आज त्यांचं नाव निघतं ते दुसऱ्याची ओळख सांगताना. त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी लहान असलेला एक भाऊ त्यांच्याकडे अधूनमधून राहायला यायचा. घरातलं चौदावं अपत्य. शाळेत कधी न रमलेला, त्यामुळे पुढं याचं काय होणार ही थोरल्यांना लागून राहिलेली काळजी. नाव रवी.

रवींद्रनाथांची गावं म्हटली की आपण शांतिनिकेतनचं तिकीट काढतो. फार तर शिलाईदह आणि पद्मेचं पात्र आठवतो. त्यात काही चूक नाही. पण सतरा ते अठ्ठावीस या वयातले त्यांचे काही महत्त्वाचे दिवस आपल्या बाजूला गेले, भावाच्या सरकारी बंगल्यांत, बिनकामाचा पाहुणा म्हणून. ते बंगले शोधत मी निघाले होते.

"बदलीच्या गावात आपलं असं काही नसतं," मामांनी यादी परत देत सांगितलं. "क्वार्टर सरकारचं. आंबा आधीच्या साहेबानं लावलेला, फळं पुढच्या साहेबाची. आपण आपले मधले."

शाहीबाग

अहमदाबाद स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "टागोर राहिले होते तो महाल." त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "सरदार स्मारक, शाहीबाग," असं म्हटल्यावर मात्र त्यानं मीटर पाडलं.

मोती शाही महाल ही इमारतच बदल्यांवर जगलेली. शाहजहान अजून शहाजादाच होता, गुजरातचा सुभेदार होता, तेव्हा म्हणजे 1618 ते 1622 या काळात त्यानं ती साबरमतीच्या काठी बांधवली. मोगल गेले, इंग्रज आले, आणि बागेतल्या महालात सरकारी अधिकारी राहू लागले. गुजरात राज्य झाल्यावर तिथं राजभवन आलं. 1978 साली राज्यपाल गांधीनगरला गेले आणि महाल सरदार पटेलांच्या राष्ट्रीय स्मारकाकडे आला. आज आत सरदारांचा जीवनपट, छायाचित्रं, वापरातल्या वस्तू असं सगळं नीट मांडलेलं आहे. शाळेच्या सहली येतात. मी गेले तेव्हाही एक आली होती. पोरं दोन-दोनच्या रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून.

याच महालात 1878 साली डिस्ट्रिक्ट जज्ज सत्येंद्रनाथ राहत होते. पत्नी ज्ञानदानंदिनी मुलांना घेऊन आधीच विलायतेला गेल्या होत्या. सत्येंद्रनाथांनी वडिलांना, देवेंद्रनाथांना, सुचवलं होतं की रवीला आपण बरोबर नेऊ, तिकडं बॅरिस्टर होईल. तोवर त्याला थोडं इंग्रजी यावं म्हणून आधी अहमदाबादला आणून ठेवलं. सकाळी जज्जसाहेब कोर्टात गेले की त्या अवाढव्य वाड्यात सतरा वर्षांचा मुलगा एकटा. सोबतीला पारवे, दिवसभर घुमणारे. पुढं 'जीवनस्मृती'त त्यानं या रिकाम्या दुपारी फार मायेनं लिहिल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या लहानशा खोलीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. रात्री तो तिथंच झोपायचा. अंधारात एखाददुसरी माशी अंथरुणावर पडायची, कूस बदलताना अंगाखाली यायची, आणि मग दोघांचीही झोपमोड.

भावाच्या पुस्तकसंग्रहात चित्रं असलेलं टेनिसनचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्या वयात त्यातली चित्रंच जास्त वाचली जात. दुसरं होतं श्रीरामपूरच्या छापखान्यात छापलेलं संस्कृत काव्यसंग्रहाचं. त्यातलं अमरुशतक तो मोठमोठ्यानं म्हणत दालनांतून फिरायचा. अर्थ पुरता लागत नव्हता, नाद लागला होता. आपल्याकडे मौंजीनंतर पोरं रुद्र म्हणतात, कळण्याआधी जिभेवर बसतो, तसंच काहीसं. शब्दकोश उघडून इंग्रजी पुस्तकंही तो रेटत होता आणि दान्ते, पेत्रार्क यांच्यावर घरच्या 'भारती' मासिकाला लेख धाडत होता. सतराव्या वर्षी दान्तेवर लेख! धाडस म्हणावं की आगाऊपणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्यात रिकामपण दिसतं. ज्याला दुपारी कुणी हाक मारत नाही, तो दान्तेपर्यंत पोचतो.

रात्री तो गच्चीवर जायचा. समोर साबरमती, उन्हाळ्यात आटलेली, वाळूच्या पात्रात एका बाजूनं वाहणारी. चांदण्यात त्या गच्चीवर येरझाऱ्या घालताना त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या गाण्यांना स्वतःच चाली लावल्या. पुढं दोन हजारांवर गाणी झाली. त्यांच्या चालींचा उगम शोधायचा तर तो या परक्या गच्चीवर सापडतो.

आज महालात एक दालन रवींद्रनाथांच्या नावाचं आहे. तिथले रवींद्रनाथ अर्थातच पांढऱ्या दाढीचे, पायघोळ झग्यातले. रांगेतल्या एका मुलीनं बाईंना विचारलं, "आ साधु छे?" बाईंनी तिला गप्प केलं. मला वाटलं, प्रश्न बरोबर आहे. या महालात जो राहिला त्याला दाढी फुटायची होती. हे दुसरेच कुणीतरी.

बाहेर पडून नदीकाठच्या नव्या रस्त्यानं चालले. साबरमती आता नर्मदेच्या कालव्याच्या पाण्यानं तुडुंब असते, दोन्ही काठ काँक्रीटनं बांधलेले. वाळू नाही. वळून पाहिलं तर झाडांच्या वर महालाची गच्ची दिसत होती. सतरा वर्षांनी, 1895 साली, याच वास्तूच्या आठवणीवर त्यानं 'क्षुधित पाषाण' ही कथा लिहिली. कापसाचा कर गोळा करणारा एक अधिकारी ओसाड मोगली महालात मुक्काम करतो आणि रोज रात्री महाल त्याला गिळू पाहतो. त्या कथेच्या धाग्यावरून गुलजारांनी 'लेकिन' केला. निर्मिती लता मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं, आणि त्या संगीताला व त्या आवाजाला, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. शाहीबागेतली एका मुलाची झोपमोड अशी फिरून मंगेशकरांच्या घरी आली.

प्रार्थना समाज

गिरगावात 'प्रार्थना समाज' हे आधी बसथांब्याचं नाव आहे, मग संस्थेचं. "प्रार्थना समाज आलं का हो?" असं विचारणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना हॉस्पिटल गाठायचं असतं. ते हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव राजा राममोहन रॉय मार्ग. बंगालशी असलेलं नातं मुंबईनं रस्त्याच्या पाटीवर लिहून ठेवलंय, वाचायला मात्र कुणी थांबत नाही.

ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत येऊन बोलून गेले, इथल्या सुधारकांना ते मनापासून पटलं, आणि 1867 साली प्रार्थना समाज निघाला. संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. एक भाऊ दादोबा पांडुरंग, ज्यांचं 1836 सालचं मराठी व्याकरण आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी घोकलं. दुसरे भास्कर पांडुरंग, ज्यांनी 1841 साली मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीचा हिशेब मांडला. आत्माराम स्वतः डॉक्टर, 1879 मध्ये मुंबईचे शेरीफ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. ब्राह्मो घराण्यातल्या सत्येंद्रनाथांचे ते स्नेही.

अहमदाबादेत रवीचं इंग्रजी वाचन वाढलं होतं, पण तोंड उघडेना. विलायतेत गेल्यावर जेवणाच्या टेबलावर मुक्यासारखा बसेल, ही सत्येंद्रनाथांची धास्ती. तेव्हा त्याला मुंबईत तर्खडकरांच्या घरी ठेवायचं ठरलं. आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, घरात आना, विलायतेत राहून आली होती. तिनं याला इंग्रजी बोलायला शिकवावं अशी योजना. ज्या घरानं मराठीला व्याकरण दिलं, त्याच घरात बंगालीच्या पुढच्या महाकवीनं इंग्रजीचे धडे घेतले.

1878 च्या पावसाळ्यातले हे काही आठवडे. आना त्याच्याहून थोडी मोठी, शिकलेली, जग पाहिलेली. याच्याकडे मिरवावं असं काही नाही. 'छेलेबेला' हे बालपणावरचं पुस्तक रवींद्रनाथांनी 1940 साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलं. त्यात ते मिस्कीलपणे सांगतात की आपली विद्या इतकी तुटपुंजी होती की तिनं हेटाळणी केली असती तरी दोष देता आला नसता. पण तिनं तसं केलं नाही. मग आपण कविता करतो हे एकच भांडवल त्यानं पुढं केलं, आणि तिनंही कसलाही पुरावा न मागता ते खरं मानलं.

पुढं तिनं त्याच्याकडं एक नाव मागितलं. कवीनं दिलेलं, फक्त आपलं असं नाव. त्यानं दिलं: नलिनी. त्याच्या 'कविकाहिनी'तल्या नायिकेचं हे नाव. नुसतं नाव देऊन तो थांबला नाही, ते एका गाण्यात गुंफलं आणि त्याला भैरवीची चाल लावली. गाणं ऐकून ती म्हणाली की मी मरणाच्या दारात असले तरी तुझं गाणं ऐकून परत फिरेन. आणखी एक गोष्ट तिनं बजावून सांगितली. दाढी कधी वाढवू नकोस, चेहऱ्याची रेघ झाकली जाईल.

हे सांगून रवींद्रनाथ शेवटी एवढंच लिहितात की तिचं ऐकलं गेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो अवज्ञेचा पुरावा आपल्या चेहऱ्यावर उमटण्याआधीच ती हे जग सोडून गेली होती.

मी 'प्रार्थना समाज'वर उतरून विठ्ठलभाई पटेल मार्गावरच्या समाजमंदिरासमोर उभी होते, दुपारी चारच्या सुमाराला. शेजारच्या दुकानातून लोखंडी कपाट बाहेर काढायचं काम चाललं होतं. "जरा बाजूला व्हा, ताई," म्हणत दोन हमालांनी ते माझ्या नाकासमोरून नेलं. आनाच्या नावाची पाटी शोधायला मी आले नव्हतेच. मुंबईत माणसाची आठवण विटांत राहत नाही, विटा भाड्यानं जातात. ती राहिली एका नावात. 'कविकाहिनी' हे रवींद्रनाथांचं पहिलं पुस्तक 1878 अखेरीस निघालं तेव्हा ते इंग्लंडला पोचले होते. पुस्तकाची प्रत मिळाल्यावर आनानं त्यांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांना पत्र लिहून कळवलं की हे काव्य तिला जवळजवळ पाठ आहे, कारण रवीनं ते तिला वाचून, उलगडून सांगितलं होतं. म्हणजे शिकवणी दोन्ही बाजूंनी चालली होती. इंग्रजी शिकायला आलेला मुलगा बंगाली शिकवून गेला होता. पुढं तिनं हॅरल्ड लिटलडेल या बडोद्याच्या प्राध्यापकांशी लग्न केलं. लिहिताना ती 'नलिनी' हे नाव लावत असे. 1891 साली एडिंबरोत ती वारली, ऐन तिशीत.

20 सप्टेंबर 1878 रोजी मुंबई बंदरातून सत्येंद्रनाथ आणि रवी आगबोटीनं निघाले. बोटीचं नाव 'पूना'. बॅरिस्टरी काही झाली नाही. दीड वर्षानं मुलगा पदवीवाचून परत आला.

कारवार

मडगावहून कारवार गाठायला रेल्वेला फार वेळ लागत नाही. स्टेशनावर पाट्या कन्नडमध्ये, रिक्षात गप्पा कोकणीत, आणि जुन्या पिढीशी बोलायला लागलं की दोन वाक्यांत मराठी. सीमाप्रश्नाच्या प्रत्येक यादीत कारवारचं नाव आलं, पण इथली माणसं भाषेचं ओझं करत नाहीत, जी लागेल ती वापरतात. उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. इथून कापूस बोटीनं बाहेर जाईल, दुसरी मुंबई उभी राहील, अशी तेव्हा आशा होती. ती फळली नाही. पण जिल्ह्याचं ठाणं झालं, ठाण्याला कोर्ट आलं, आणि कोर्टाला जज्ज.

1883 साली ते जज्ज सत्येंद्रनाथ होते. रवी आता बावीस वर्षांचा. घरची बरीच मंडळी मिळून कारवारला आली. 'जीवनस्मृती'त कारवारवर एक छोटंसं प्रकरण आहे. अर्धचंद्राकृती किनारा, समुद्राकडे जणू दोन हात पसरून उभा, वाळूला लागून सुरूचं बन, बनाच्या एका टोकाला काळी नदी दोन डोंगरांमधून येऊन समुद्राला मिळते.

हे सगळं अजून आहे, थोडं हलवून ठेवलेलं. किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. वाळूच्या कडेला 'आयएनएस चपळ' ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय होऊन बसली आहे. पलीकडे दक्षिणेला नौदलाचा मोठा तळ. संध्याकाळी भेळेच्या गाड्या, उंट, फुगे. सुरूची झाडं आहेत, त्यांच्याखाली बाकं आहेत. बाकावर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. मी वहीत लिहिताना पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही पेपरवाल्या काय?" म्हटलं, "तसंच. टागोरांसाठी आले." ते म्हणाले, "लोक फोटो काढतात आणि जातात. झाडाखाली बसत कोणी नाही. वारा पडला की सुरू गप्प बसतो, तेवढं ऐकून जा." मी वही मिटली. अर्ध्या तासानं वारा खरंच पडला.

गंमत अशी की हेच रवींद्रनाथांनी लिहून ठेवलं आहे. चांदण्या रात्री मंडळी होडीनं काळी नदीत वर गेली. दोन्ही काठांना झाडी, आवाज नाही. वाटेत शिवाजी महाराजांच्या नावानं ओळखला जाणारा एक जुना डोंगरी किल्ला लागला. उतरून ही मंडळी एका शेतकऱ्याच्या घरी गेली. सारवून स्वच्छ ठेवलेल्या अंगणात, चांदण्यात, बरोबर आणलेला फराळ सोडला. परतताना होडी ओहोटीवर सोडून दिली. नदीच्या तोंडाशी पोचायला फार रात्र झाली. मग होडीतून उतरून सगळे वाळूतून पायी निघाले. समुद्र निवांत, आणि एरवी एकसारखा कुजबुजणारा सुरू एकदम गप्प.

मला ती होडी हवी होती. बंदरावरच्या नाखवानं आधी नाही म्हटलं. "रात्रीचं नाही हो, बाई. आता पुलाखाली लोखंड पडलेलं असतं, दिसत नाही." गोवा आणि कारवार जोडणारा काळीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या पहाटे कोसळला, एका ट्रकसकट. चालक वाचला. तारीख वाचून मी चपापले होते, कारण 7 ऑगस्ट हाच रवींद्रनाथांचा मृत्युदिन, 1941 सालचा. नाखवाला हे सांगितलं. त्यानं शांतपणे दोर सोडला आणि म्हणाला, "पूल म्हातारा होता." शेवटी दुपारी चारला त्यानं मला भरतीबरोबर थोडं वर नेलं. उत्तर काठावर सदाशिवगडचा डोंगर. त्याच्या पायथ्यातून महामार्ग कापून काढलाय, लाल मातीची जखम अजून ओली दिसते. पण एका वळणानंतर गाड्यांचा आवाज मागं राहिला. खारफुटीतून एक बगळा उडाला. दोन घरांच्या मधल्या खळ्यात एक बाई सुपातून काहीतरी पाखडत होती. तिनं मान वर करून होडीकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. पाखडण्याचा तो आवाज पाण्यावरून बराच वेळ ऐकू येत होता.

याच मुक्कामात त्यानं 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक लिहिलं. एक संन्यासी सगळे पाश तोडून गुहेत बसलेला, अनंताच्या शोधात. एक पोरकी मुलगी त्याला पुन्हा माणसांत ओढते, आणि शेवटी त्याला कळतं की अनंत हाताशी आलं तर ते या लहानशा जिवाच्या मायेतूनच. रवींद्रनाथांनी स्वतः म्हटलं आहे की आपल्या पुढच्या सगळ्या लेखनाची ही प्रस्तावना होती, सीमेच्या आतच असीम सापडण्याच्या आनंदाची. आपल्याला हा विचार नवा नाही. विटेवर उभं राहिलेल्या परब्रह्माला 'विठू' म्हणणारे आपण. तरी बावीस वर्षांच्या त्या मुलाला तो सापडला तो कुठल्याही ग्रंथात नव्हे, हे मला त्या सुपाच्या आवाजात पटलं. मोठा समुद्र आणि सारवलेलं अंगण, दोन्ही त्यानं एकाच रात्रीत पाहिलं होतं.

आगबोटीनं परतताना डेकवर बसून त्यानं त्या नाटकातली काही गाणी रचली आणि तिथल्या तिथं गायली. घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत, 9 डिसेंबर 1883 ला, त्याचं लग्न झालं. मुलीचं नाव भवतारिणी, सासरी ते बदलून मृणालिनी ठेवलं गेलं. मृणालिनी म्हणजेही कमळवेलच. त्यात कुणाला नलिनी ऐकू येते, कुणाला नाही. एकवीस वर्षांनी, 1904 साली, सखाराम गणेश देउस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. काळीकाठचा तो डोंगरी किल्ला तोवर त्यांच्या आठवणीत होता की नाही, कोण जाणे. चांदणं तर नक्की होतं. ते 'जीवनस्मृती'त उतरलं.

सोलापूर, पुणे

सत्येंद्रनाथांची पुढची एक बदली सोलापूरची. 1889 साली रवींद्रनाथ तिथं राहिले आणि त्यांनी 'राजा ओ रानी' हे नाटक लिहिलं. राणीच्या मोहात राज्य विसरलेला राजा आणि राज्यासाठी राजाला सोडणारी राणी. स्वतःलाच ते पुढं फार भावलं नाही. चाळीस वर्षांनी त्यांनी तेच कथानक 'तपती' म्हणून नव्यानं लिहिलं. सोलापूरच्या उन्हात माझा एक दिवस रसवंतीगृहातच गेला, तेवढं सांगून पुढं जाते.

पुण्याचं मात्र सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात पंडिता रमाबाईंचं व्याख्यान ऐकलं. पांढऱ्या वस्त्रातल्या, आखूड केसांच्या रमाबाई, समोर मराठी बायका. रमाबाईंनी टोला हाणला की बायका सगळ्यात पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत, फक्त दारू पिण्यात नाहीत. पुरुषांनी गोंधळ घातला आणि सभा उधळली. या प्रसंगावर रवींद्रनाथांनी 'भारती'त लिहिलं. गोंधळ घालणाऱ्यांची त्यांना चीड आली. पण रमाबाईंचं म्हणणंही पटलं नाही. बाईचा स्वभाव वेगळा, क्षेत्र वेगळं, अशी मांडणी त्या अठ्ठावीस वर्षांच्या कवीनं केली. आज ती वाचताना आपण अवघडतो. ज्यानं आनाकडून न लाजता धडे घेतले होते, त्याला रमाबाईंकडून घेता आले नाहीत. 'स्त्रीर पत्र'मधली घर सोडून जाणारी मृणाल लिहायला त्याला आणखी पंचवीस वर्षं लागली. तरुणपणाची गावं फिरताना हेही गाव वगळायचं नसतं.

येरवडा

यादीतलं पुणे इथंच संपत होतं. पण मी रिक्षा येरवड्याकडे वळवायला सांगितली. तुरुंगाच्या भिंतीला लागून थोडी चालले, आत जाण्याचा प्रश्न नव्हता. हे ठिकाण तरुणपणाचं नाही. पण त्या तरुणपणाचा एक हिशेब इथं पुरा झाला.

सप्टेंबर 1932. जातवार निवाड्याविरुद्ध गांधीजींनी 20 तारखेला उपोषण सुरू केलं होतं. 24 ला पुणे करार झाला, तरी सरकारचं उत्तर यायचं होतं. एकाहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ बंगालहून निघाले आणि 26 तारखेला येरवड्यात पोचले. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट, खाटेवर गांधीजी. प्रकृती फार खालावलेली. त्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. उपोषण सोडायचं ठरलं. कुष्ठरोगानं ग्रासलेले बंदी परचुरेशास्त्री यांनी संस्कृत मंत्र म्हटले. कस्तुरबांनी रसाचा पेला पुढं केला. त्याआधी रवींद्रनाथांना गायला सांगण्यात आलं, 'गीतांजली'तलं एक गाणं. त्यांनी सुरुवात केली आणि ध्यानात आलं की त्याची चाल आपण विसरलो आहोत. स्वतःच लावलेली चाल! मग जी सुचली त्या चालीत त्यांनी ते पुरं केलं. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

भिंतीशी उभी राहून मी त्या मुलाचा विचार करत होते, जो साबरमतीच्या गच्चीवर पहिल्यांदा आपल्या गाण्यांना चाली लावत फिरला होता. आणि गिरगावातल्या त्या मुलीचा, जिची खात्री होती की याच्या गाण्यानं मरणारा माणूस परत फिरेल. तिच्यासाठी ते गाणं एडिंबरोत कुणी म्हटलं नाही. इथं, चौपन्न वर्षांनी, दाढी वाढवलेल्या त्याच माणसानं एका खाटेशी बसून चाल विसरलेलं गाणं म्हटलं आणि खाटेवरचा माणूस जगला.

घरी आल्यावर हे सगळं मामांना सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "म्हणजे गाणं शिकला सरकारी बंगल्यात. आणि कामी आलं ते?"

"तेही सरकारीच जागेत, मामा," मी म्हटलं.

"बघ," ते म्हणाले, आणि पान मागितलं.